केमोथेरपीनंतरचे केस आणि नखे: परतीचे वेळापत्रक

स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू झाली की पहिल्या डोसानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी केस गळू लागतात. उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीत पुंजके दिसू लागतात आणि थोड्याच दिवसांत डोके जवळजवळ मोकळे होते. नखांवरचा परिणाम सावकाश दिसतो. ती काळवंडतात, त्यांवर आडव्या रेषा उमटतात, काही वेळा ती बोटापासून सुटतात. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच असल्याने असंख्य घरांनी हे जवळून पाहिलेले आहे. बहुतेक जणींचे केस आणि नखे उपचारांनंतर परत येतात. ती कधी, कोणत्या क्रमाने आणि कशा रूपात येतात, याचे उत्तर केस व नखे वाढण्याच्या नियमांत आहे.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेत खोल गेलेल्या केशकूपातून उगवतो. केशकूपाच्या तळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्या वर सरकत जातात, केराटिन या प्रथिनाने भरतात, मरतात आणि त्यांचाच केस होतो. हे काम महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने चालते. पण ते अखंड चालत नाही. डोक्यावरचा केशकूप दोन ते सहा वर्षे केस वाढवतो, मग दोन-तीन आठवड्यांत काम आवरतो आणि सुमारे तीन महिने विश्रांती घेतो. विश्रांती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. प्रत्येक केशकूपाचे चक्र स्वतंत्र असल्याने एरवी हे गळणे जाणवत नाही. कोणत्याही दिवशी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केशकूप वाढीच्या अवस्थेत असतात. भुवया आणि पापण्यांचे तसे नसते. तिथला वाढीचा काळ काही आठवडे ते काही महिने एवढाच असल्यामुळे बरेच केशकूप विश्रांतीत असतात. म्हणून डोक्यावरचे केस आधी जातात, तर भुवया आणि पापण्या पुष्कळदा नंतर आणि विरळ होत जातात.

केमोथेरपीची औषधे विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यांना गाठीतली पेशी आणि केसाच्या मुळाशी असलेली पेशी यांतला फरक कळत नाही. स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड, पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल ही औषधे प्रामुख्याने वापरली जातात. डॉक्सोरुबिसिन मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. ते गडद लाल असते आणि दिल्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. या औषधांमुळे केशकूपाच्या तळाचे पेशीविभाजन एकाएकी मंदावते. त्या दिवसांत तयार झालेला केसाचा भाग बारीक होतो आणि तिथेच केस तुटतो. गळलेला केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर मुळाकडचे टोक निमुळते होत गेलेले स्पष्ट दिसते. डीएनए बिघडलेल्या पेशींना मरणाचा आदेश देणारे पी-५३ हे प्रथिन यात मध्यवर्ती आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन नव्हते त्यांचे केस सायक्लोफॉस्फामाइड देऊनही गळले नाहीत.

पॅक्लिटॅक्सेलच्या शोधात महाराष्ट्राचा एक धागा आहे आणि त्याची आठवण पुरेशी ठेवली गेलेली नाही. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर काम सुरू केले. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यात वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी पॅसिफिक यू या सूचिपर्णी झाडाची साल गोळा केली होती. कर्करोगाविरुद्ध उपयोगी पडतील अशा वनस्पती शोधण्याच्या सरकारी मोहिमेचा तो भाग होता. त्या सालीच्या अर्कातून नेमके परिणामकारक द्रव्य वेगळे काढून त्याची रचना वाणी आणि वॉल यांनी उलगडली आणि १९७१ साली प्रसिद्ध केली. रेणू गुंतागुंतीचा होता, सालीत त्याचे प्रमाण अत्यल्प होते आणि पुढची कित्येक वर्षे त्यात कुणाला फारसा रस नव्हता. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी त्याचे वेगळेपण दाखवून दिले. पेशी विभागताना गुणसूत्रे ओढून दोन बाजूंना नेणाऱ्या सूक्ष्मनलिका असतात. हे द्रव्य त्या नलिकांना इतके घट्ट करते की त्या मोकळ्या होऊ शकत नाहीत आणि विभाजन अर्ध्यावर अडकते. १९९४ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. आज मुंबईपासून नंदुरबारपर्यंत ज्या स्त्रिया या औषधामुळे बऱ्या होतात, त्यांच्या उपचारांत या शास्त्रज्ञाचा वाटा आहे. वाणी २०२० साली निवर्तले. आपल्या शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत त्यांचे नाव यायला हवे.

केशकूपाच्या तळाच्या पेशी मेल्यावरही केस परत येतो तो कुठून, या प्रश्नाचे उत्तर बराच काळ चुकीच्या जागी शोधले जात होते. वेगाने विभागणारा तळच केसाचा उगम असणार, अशी समजूत होती. १९९० साली जॉर्ज कोट्सारेलिस, तुंग-तिएन सुन आणि रॉबर्ट लॅव्हकर यांनी उंदरांवर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पेशींच्या डीएनएमध्ये किरणोत्सारी खूण घातली आणि काही आठवडे वाट पाहिली. प्रत्येक विभाजनागणिक ही खूण निम्मी होते, त्यामुळे ज्या पेशी क्वचितच विभागतात त्यांच्यातच ती टिकते. खूण टिकलेल्या पेशी तळाशी सापडल्या नाहीत. त्या बऱ्याच वर, अंगावर काटा आणणारा इवलासा स्नायू केशकूपाला जिथे चिकटतो तिथल्या फुगीर भागात होत्या. शेतातले उभे पीक गारपिटीने झोपले तरी घरातल्या कणगीत राखलेले बियाणे शाबूत असते आणि पुढची पेरणी त्यातून होते, तसेच इथे घडते. या मूळपेशी बहुतेक काळ स्वस्थ असतात. विभागणाऱ्या पेशींना टिपणारी औषधे म्हणूनच त्यांना सहसा चुकवून पुढे जातात. उपचार थांबले की त्यांच्यापासून केशकूपाचा खालचा भाग नव्याने उभा राहतो.

शेवटच्या डोसानंतर साधारण तीन-चार आठवड्यांत डोक्यावर मऊ, फिकट लव दिसू लागते. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास खरे केस येतात. तिसऱ्या महिन्यात ते बोटाच्या चिमटीत धरता येतात आणि सहा महिन्यांत पाच-सहा सेंटिमीटर होऊन डोके नीट झाकतात. महिन्याला एक सेंटिमीटर हा हिशेब धरला तर खांद्यापर्यंतच्या केसांना अडीच-तीन वर्षे लागतात आणि लांब वेणीला त्याहून अधिक. नव्या केसाला कात्री लागलेली नसल्याने त्याचे टोक तान्ह्या बाळाच्या केसासारखे निमुळते असते आणि म्हणून तो स्पर्शाला मऊ लागतो. भुवया आणि पापण्याही काही महिन्यांत येतात, पण त्या पुन्हा एकदा गळू शकतात. एरवी पुढेमागे चालणारी केशकूपांची चक्रे उपचारांनंतर एकदमच सुरू झालेली असतात. पापण्यांचे चक्र आखूड असल्यामुळे त्या सगळ्या साधारण एकाच वेळी विश्रांतीला पोहोचतात आणि गळतात. हे आजार उलटल्याचे लक्षण नव्हे. पुढच्या चक्रांत गती पुन्हा वेगवेगळ्या होतात आणि प्रश्न मिटतो.

नवे केस बरेचदा वेगळेच असतात. सरळ केसांच्या जागी कुरळे येतात, कधी उलटेही होते. काळ्याऐवजी करडे किंवा पांढरे केसही दिसतात. केसाचा वळसा केशकूपाच्या आकारावर अवलंबून असतो आणि डागडुजी चालू असलेला केशकूप काही काळ जुन्या घडणीचा केस देत नाही. रंगाचे कारण आणखी वेगळे आहे. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींच्या स्वतंत्र मूळपेशी त्याच फुगीर भागात राहतात, हे एमी निशिमुरा आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले. केस वाढवणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या पेशींची घडी पुन्हा बसायला वेळ लागतो. बहुतेकींच्या बाबतीत वर्ष-दीड वर्षात जुना पोत बराचसा परत येतो.

नखांचे नियम तेच, पण गती आणखी कमी. नखाच्या बुडाशी, पांढऱ्या चंद्रकोरीखाली आणि तिच्या मागे त्वचेच्या घडीत नखाचे मूळ असते. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे हाताचे नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात आणि पायाच्या अंगठ्याचे बारा ते अठरा महिने. अमेरिकन डॉक्टर विल्यम बीन यांनी ही गती विलक्षण चिकाटीने मोजली. ते अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी कानशीने खूण करत आणि ती टोकाला पोहोचायला किती दिवस लागले ते नोंदवत. हे त्यांनी पस्तीस वर्षे केले. बत्तिसाव्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. वयानुसार नखे मंदावतात, हे एका माणसाने स्वतःच्या एका बोटावर सिद्ध केले.

केमोचा डोस पडला की नखाच्या मुळाचे काम काही दिवस थंडावते आणि तेवढ्यापुरते नख पातळ होते. काही आठवड्यांनी ती जागा घडीखालून बाहेर येते आणि आडवी खाच दिसते. फ्रेंच डॉक्टर जोसेफ बो यांनी १८४६ साली गंभीर आजारातून उठलेल्या रुग्णांच्या नखांवर अशा खाचांचे वर्णन केले आणि खाच बुडापासून किती दूर आहे त्यावरून आजार कधी होऊन गेला ते सांगता येते हे दाखवले. दर एकवीस दिवसांनी डोस घेणाऱ्या स्त्रीच्या नखावर या खाचा सुमारे दोन मिलिमीटरच्या अंतराने उमटतात. चार डोस झाले असतील तर अंगठ्यावर चार समांतर रेषा बोटाने चाचपता येतात. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइडने नखे काळपट होतात. सावळ्या त्वचेत हे अधिक दिसते. हा रंग नखाबरोबर पुढे सरकतो आणि कापला जातो. पॅक्लिटॅक्सेल आणि विशेषतः डोसिटॅक्सेलमुळे मात्र नखाखालच्या त्वचेलाच इजा होते. तिथे रक्त किंवा पाणी साचते, नख दुखते आणि टोकाकडून सुटत जाते. अशा वेळी नखे आखूड ठेवणे, भांडी-धुणी करताना हातमोजे घालणे आणि सुटलेले नख उपटून न काढणे एवढे पाळावे. नखाखाली पू किंवा ठणका असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. ताप आणि उतरलेल्या पांढऱ्या पेशी यांच्या जोडीला तो संसर्ग गंभीर होऊ शकतो.

थंडीने हे नुकसान कमी करता येते. त्वचा गार केली की रक्तवाहिन्या आकसतात, औषध कमी पोहोचते आणि पेशींची हालचालही मंदावते. २००५ साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात डोसिटॅक्सेल घेणाऱ्या ४५ रुग्णांच्या उजव्या हातात गोठवलेला मोजा घातला आणि डावा हात उघडा ठेवला. नखे सुटण्याचा त्रास उघड्या हाताला ५१ टक्के, तर मोज्यातल्या हाताला ११ टक्के रुग्णांत झाला. डोक्यासाठीही थंड टोप्या आहेत. इंग्लंडमधील हडर्सफील्डचे पॅक्समन कुटुंब बिअर थंड ठेवणारी यंत्रे बनवत असे. घरातल्याच एका स्त्रीचे केस केमोने गेले आणि या कुटुंबाने तेच तंत्र टोपीत आणले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ५१ रुग्णांवर या टोपीची चाचणी घेऊन २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. टोपी घातलेल्या गटात निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांचे केस टिकले, टोपी न घातलेल्या गटात एकीचेही टिकले नाहीत. टोपी औषधाच्या आधी अर्धा तास, औषध चालू असताना आणि नंतरही तासाहून अधिक वेळ घालावी लागते. डॉक्सोरुबिसिनसोबत तिचा उपयोग कमी होतो आणि रक्ताच्या कर्करोगात ती वापरत नाहीत.

केस लवकर आणण्याच्या जाहिराती मात्र भरमसाट आहेत. तेलाने त्वचा मऊ राहते आणि डोक्याला हात फिरला की बरे वाटते, पण तेल मूळपेशींपर्यंत पोहोचून केस उगवून आणत नाही. बायोटिनच्या गोळ्यांनी केमोनंतरचे केस लवकर येतात याला भक्कम पुरावा नाही. उलट त्यांच्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे आकडे चुकू शकतात. मिनॉक्सिडिल या औषधाने केस गळणे थांबत नाही, पण १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत टक्कल राहण्याचा काळ सरासरी ५० दिवसांनी कमी झाला. किती केस गळले यावरून औषध कर्करोगावर किती लागू पडले हे ठरत नाही, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे.

काही जणींचे केस पूर्ण परत येत नाहीत. केमो संपून सहा महिने झाले तरी केस विरळ असतील तर ही शक्यता धरून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. डोसिटॅक्सेलच्या बाबतीत अशा तक्रारी विशेष आढळल्या आणि अमेरिकेत २०१५ साली त्या औषधाच्या माहितीपत्रकात तशी नोंद करण्यात आली. पुढे पाच ते दहा वर्षे घ्याव्या लागणाऱ्या टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल अशा संप्रेरकरोधक गोळ्यांनीही केस विरळ होतात. पण कर्करोग उलटू नये म्हणून त्या आवश्यक असल्याने मनानेच बंद करू नयेत. पहिल्या डोसाच्या आधीच प्रत्येक स्त्रीच्या हातात हे वेळापत्रक लेखी पडायला हवे. केस कधी जातील, लव कधी येईल, नखांवरच्या रेषा कधी सरकून जातील आणि कोणत्या महिन्यानंतर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे, हे सारे त्यात असावे. ही माहिती द्यायला एक कागद आणि दहा मिनिटे पुरतात.