वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार : मातीतून मॅटकडे

हरिश्चंद्र बिराजदार (१९५०–२०११) यांची पैलवानकी महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, वस्तादकी मात्र उपेक्षित राहिली. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले. १९६९ला महाराष्ट्र केसरी, १९७०ला एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, पुढे रुस्तम-ए-हिंद आणि १९७७ला बेळगावात दिल्लीच्या सतपालवर मात. ही यादी कोणताही जुना शौकीन झोपेतही म्हणून दाखवील, तेव्हा तीत रमण्याचे कारण नाही.

लंगोट उतरवल्यावर ते पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत शिकवू लागले. सुरुवातीच्या पठ्ठ्यांत लातूरकडचेच काका पवार होते. मातीतल्या वस्तादाचा हा चेला कमरेखालची पकड वर्ज्य असलेल्या ग्रीको-रोमनमध्ये चमकला आणि १९९८च्या अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला.

बिराजदारांच्या या वस्तादकीत सर्वांत मोलाचे ठरले ते २०००नंतरचे दशक. हौद्यातली माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मुरवतात. तीत पाय रुततात, पकड सावकाश बसते आणि निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मॅटवर मात्र सगळा खेळ सहा मिनिटांचा. रिंगणाबाहेर पाऊल पडले तरी गुण जातो. गावोगावच्या जत्रांतील इनाम मात्र मातीवरच मिळे, त्यामुळे मॅट अनेक पैलवानांना परकीच राहिली. अशा काळात बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे बिराजदारांकडे आला. २००८च्या पुण्यातील राष्ट्रकुल युवा स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा जड गटातल्या मल्लांची; हलक्या गटातल्या या पोराला ती कधीच मिळणार नव्हती, आणि गदेपलीकडे न पाहणाऱ्या महाराष्ट्रात अशा पोरावर वर्षानुवर्षे मेहनत घेणे हे सोपे काम नव्हते.

बेळगावात हरलेला सतपाल तिकडे दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये शिकवत होता. त्याच्या पाठीशी सरकारी स्टेडियम होते, बिराजदारांकडे तालीम. छत्रसालच्या सुशीलकुमारने २००८ला ऑलिंपिक कांस्य आणले आणि २००९ला सतपालला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तो रास्तच होता. बिराजदारांना २००६ला ध्यानचंद पुरस्कार मिळाला, पण तो खेळाडूंसाठीचा. त्यांच्यातल्या वस्तादाची दखल कोणी घेतली नाही.

१४ सप्टेंबर २०११ रोजी बिराजदार गेले. आवारे पुढे काका पवारांकडे सराव करू लागला, म्हणजे घराणे तेच राहिले. रिओ ऑलिंपिकची संधी हुकली, पण २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला हरवून त्याने सुवर्ण घेतले आणि ते दिवंगत वस्तादांना अर्पण केले. २०१९च्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्य मिळाले.

त्यानंतरचा काळ सांगताना जीभ कडू होते. २०२२नंतर राज्यात कुस्तीच्या दोन संघटना झाल्या आणि २०२३च्या नोव्हेंबरात फुलगाव व धाराशिव येथे दोन वेगवेगळे महाराष्ट्र केसरी झाले. फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरात मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळने किताब जिंकला, पण मुळशीकरांच्या आनंदात मिठाचा खडा पडलाच : उपांत्य लढतीनंतर शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड मॅट सोडून गेला आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांच्या निर्णयांवरही बोट ठेवले गेले. दोष कोणाचाही असो, वाद गदेचाच होता. गदेच्या या नादात ऑलिंपिक मात्र दूरच राहिले : खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेले नाही.