पुन्हा स्पीकर बांधला तेव्हा कानाचं कळलं

गेल्या पावसाळ्यात आम्ही तिघांनी जवळजवळ बावीस वर्षांनी स्पीकरची पेटी बांधायला घेतली. आमच्यातला एक सुतारकाम करतो, एकाने हयातभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले आणि तिसरा बारा वर्षं साउंडवाल्याच्या गाडीवर होता. तिघेही पन्नाशी ओलांडलेले, नाशिकरोडच्या एकाच वस्तीत वाढलेले. आरोग्याच्या पानावर स्पीकरची गोष्ट कशाला, असं वाचकांना वाटेल. पुढे वाचा म्हणजे कळेल.

नव्वदच्या दशकात तयार म्युझिक सिस्टीम घेणं आमच्या घरांना परवडणारं नव्हतं. मग सुरुवात माठापासून झाली. मोठा माठ आणायचा आणि आठ इंची स्पीकर त्याच्या तोंडावर बसवून कडेने एम-सील भरायचं. आवाज असा घुमायचा की शेजारची माणसं दारात येऊन उभी राहायची. पुढे शहाणपण आलं आणि प्लायच्या पेट्या सुरू झाल्या. सामानासाठी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घालायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचं. घरी वाजायच्या त्या भीमगीतांच्या कॅसेट. वामनदादा कर्डक तर आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्या गाण्यांमध्ये शब्दाला किंमत असते. शब्द स्वच्छ ऐकू आला तरच पेटी चांगली, ही आमची परीक्षा होती.

नंतर लग्नं झाली, पोरं झाली, घरात तयार सेट आले आणि मग मोबाइल आला. सोल्डरिंगची इस्त्री माळ्यावर गेली. साउंडवर गेलेल्या भावाला मात्र रोज मोठ्या आवाजात उभं राहावं लागलं. लग्न असो, वरात असो की मिरवणूक, तो कायम स्पीकरच्या भिंतीजवळ.

पुन्हा हात लागायला निमित्त झालं घर दुरुस्तीचं. माळा रिकामा करताना जुन्या गोधडीत गुंडाळलेले दोन आठ इंची वूफर सापडले. कागदी कोन शाबूत होता आणि उंदराने कुरतडला नव्हता. दीड व्होल्टचा सेल तारांना लावला तसा कोन टक्कन पुढे आला. आमच्या सुतारभाऊने त्याच रात्री पेटीचं माप काढलं.

माप सांगतो, कारण पोरांना बांधायची असेल तर उपयोगी पडेल. आठ इंची वूफरला साधारण एक घनफूट, म्हणजे २८ लिटर जागा बऱ्यापैकी चालते. आतून १६ इंच उंच, १२ इंच रुंद आणि ९ इंच खोल घेतली की बरोबर एक घनफूट होतं. तिन्ही बाजू १२ इंचांच्या करू नयेत. तशा केल्या तर एकच सूर पेटीत पुन्हा पुन्हा आपटतो आणि गाणं डब्यातून आल्यासारखं लागतं. प्लाय १८ मिलिमीटरचा घ्यावा. पेटी लागते ती कोनाच्या मागून निघणारा आवाज अडवायला. तो मोकळा सुटला तर पुढच्या आवाजाला काटतो आणि ढोलकीचा घुमारा जातो. आत आम्ही त्याच गोधडीतला कापूस भरला.

बारीक आवाजासाठी ट्वीटर लागतो. त्याला जाड आवाज सोसत नाही, म्हणून तारेत एक कपॅसिटर जोडायचा. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा लावला तर साधारण ४,२०० हर्ट्झच्या वरचाच आवाज त्याच्यापर्यंत पोचतो. झांज, मंजिरी, गाणाऱ्याचा 'स' आणि 'श' हे सगळं तिथलं.

ट्वीटर तपासायला आम्ही वूफर काढून ठेवला आणि फक्त ट्वीटर हळू आवाजात वाजवला. साउंडवाला भाऊ म्हणाला, "हा गेलेला आहे. दुसरा लाव." दुसरा लावला. "हाही गेलेला." दुरुस्तीवाल्या भावाने कपॅसिटर बदलला, तारा बदलल्या. त्याला किंचित काहीतरी ऐकू येत होतं, म्हणून तो बुचकळ्यात पडला. तेवढ्यात शाळेतून नात आली. दारातूनच म्हणाली, "आजोबा, बंद करा ना, किती चिरचिरतंय!"

आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. ट्वीटर दोन्ही चांगले होते.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात अगदी सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. माणूस जन्माला येतो तेव्हा एका कानात त्या साधारण पंधरा-सोळा हजार असतात. आवाजाने हे केस हलतात आणि ती हालचाल मेंदूला कळते. मोठा आवाज तासन्‌तास झाला की या पेशी मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला घाव बहुतेक वेळा ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो. आमच्या ट्वीटरचं राज्य सुरू होतं तेही तिथूनच. वयानुसार बारीक आवाज सगळ्यांचेच कमी होतात, पण त्यावर आवाजाचा मार पडला की खड्डा खोल होतो.

हे घरात कसं दिसतं? बोलण्यातले स्वर जाड आवाजात असतात, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'फ', 'थ' बारीक असतात, ते गळतात. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण काय म्हणतात ते कळत नाही." आमच्या भावाच्या घरी चार वर्षं टीव्हीच्या आवाजावरून भांडण चालू होतं. वहिनी म्हणायच्या, मुद्दाम दुर्लक्ष करतात. तो म्हणायचा, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. लग्नकार्यात तर तो कोपऱ्यात जाऊन बसायला लागला होता. त्याचा स्वभाव बदलला असं आम्ही समजत होतो. रोज सोबत बसणाऱ्या आम्हालाही कळलं नाही, याची लाज वाटते.

आवाज किती झाला म्हणजे जास्त? तज्ज्ञांचा एक हिशेब आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर आकडा शंभरच्या वर सहज जातो आणि मिरवणूक चालते पाच-सहा तास. मोबाइलवर आवाज मोजायची फुकट अ‍ॅप मिळतात. त्यांचा आकडा अचूक नसतो, पण अंदाज येतो. त्याहून सोपी खूण म्हणजे, हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, कान दडे बसल्यासारखे वाटत असतील, तर कानाला मार बसलेला आहे. सकाळी बरं वाटलं म्हणून सगळं भरून निघालं असं नाही.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून जास्त नको आणि कुठेही ७५ च्या वर नको. पण आम्ही पोलिसांचं नाव सांगून कुणाला घाबरवणार नाही. आमचंच सांगतो. एके काळी चौकात आपला साउंड शेजारच्या चौकापेक्षा मोठा वाजला की आमची छाती फुगायची. आज वाटतं, त्यात गाण्याचे शब्द कुठे होते? ज्या गाण्यातला विचार लोकांपर्यंत जावा म्हणून शाहीर गावोगाव फिरले, त्यातला फक्त धडधडाट उरला होता. आणि खांद्यावर बसवलेलं लेकरू नेमकं स्पीकरच्या तोंडाशी असतं. मिरवणुकीला जरूर जा, पण भिंतीपासून मागे राहा. मोकळ्या जागेत अंतर वाढलं की आवाज उतरतो. लहान मुलांना त्या गाडीजवळ नेऊच नका. साउंडवर काम करणाऱ्या पोरांनी फोमचे इअरप्लग वापरावेत. किंमत किरकोळ असते. कापसाच्या बोळ्याने काम भागत नाही.

शेवटी आम्ही तिघेही सरकारी दवाखान्यात गेलो. कान-नाक-घसा विभागात आधी कानातला मळ बघतात. पुष्कळांचा बहिरेपणा मळाचाच असतो आणि तो तिथल्या तिथे निघतो. घरी पिन, काडी किंवा गरम तेल घालू नये. पोराचा कान वाहत असेल तर "वाढत्या वयात थांबेल" म्हणून बसू नये. आणि एका कानाने एकाएकी ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशिरा उपचारांचा उपयोग कमी होतो.

मग ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. बारीक-जाड सूर येतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. ना सुई, ना दुखणं. साउंडवाल्या भावाचा आलेख ४,००० ला दोन्ही कानांत खाली कोसळलेला होता. उरलेल्या दोघांचाही थोडा उतरलेला निघाला, सुताराचा जास्त. करवतीचं मशीन रोज कानाशी असतं, दुसरं काय होणार. डॉक्टरांनी भावाला श्रवणयंत्र सांगितलं. तो महिनाभर टाळत राहिला. चष्मा लावताना कुणी लाजत नाही, पण कानात यंत्र म्हटलं की माणूस मागे सरतो. केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या घरांना श्रवणयंत्र मिळू शकतं. त्यासाठी दिव्यांगत्वाचं आणि उत्पन्नाचं प्रमाणपत्र लागतं. दवाखान्यातच विचारावं.

पेटी बांधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. साध्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं. हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका आणि लेकरांना ती तार खेळायला देऊ नका. धूर तोंडावर घेऊ नका, दमेकऱ्याला त्याने त्रास होतो. प्लाय-एमडीएफ कापायचं ते ओट्यावर, मास्क लावून. एका खोलीच्या घरात तो भुसा अंथरुणापर्यंत जातो. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो, लगेच हात घालू नका.

पेट्या आता पूर्ण झाल्या आहेत. व्हॉल्यूमच्या बटणावर वहिनींनी नेलपॉलिशची लाल खूण केली आहे, तिच्या पुढे बटण जात नाही. ट्वीटर किती तेज ठेवायचा हे नात ठरवते, कारण तिचे कान आमच्यापेक्षा खरे आहेत. ती सांगेल तसा तारेतला रेझिस्टर बदलतो. तीन वेळा बदलला, अजून तिचं समाधान झालेलं नाही. भाऊ यंत्र लावून समोर बसतो. परवा जुनी कॅसेट लावली तर मध्येच म्हणाला, "थांब, हे मागे घे. इथे मंजिरी आहे होय?"