दर्ग्याच्या दारात बाप्पा, राजवाड्यावर घुमट!

कोल्हापूरला निघालात? तांबडा-पांढरा, मिसळ, चप्पल, अंबाबाईचं दर्शन... लिस्ट तयार असणारच. त्यात आणखी एक आयटम टाका, आणि तो चक्क फुकट आहे: मान वर करून बघणं! कमानी, घुमट, मनोरे, जाळ्या. या शहराने हे सगळं इतकं बेमालूम मिसळलंय की मशीद कुठे संपते आणि महाल कुठे सुरू होतो, ते शोधण्यातच खरी गंमत.

माहीत आहे का, बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर कोण कोरलेलं आहे? गणपती! अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येतं. आत शिरण्याआधी दोन मिनिटं दारातच थांबा, कारण नजर वर गेली नाही तर बाप्पा हुकलेच.

याच नावाच्या बाबूजमाल तालमीत मोहरमचा पंजाही बसतो आणि गणपतीही. मोहरम ठरवणारं हिजरी वर्ष दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतं, त्यामुळे साधारण ३२-३३ वर्षांनी मोहरम आणि गणेशोत्सव गळ्यात गळा घालून येतात. २०१८, २०१९, २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं हा योग जुळला. मग काय, डबल धमाका!

यावर कडी करणारं गाव याच जिल्ह्यात आहे. शिरोळ तालुक्यातलं कुरुंदवाड. इथे गणपती चक्क मशिदीत बसतो, आणि एका नव्हे, पाच मशिदींत! कारखाना, बैरागदार, शेळके, ढेपणपूर आणि कुडेखान बडेनाल. नावं पाठ करून ठेवा, क्विझमध्ये भाव खाऊन जाल.

आता थोडा भूगोल. नमाज मक्केतल्या काब्याकडे तोंड करून पढतात. भारतातून काबा पश्चिमेला, म्हणून आपल्याकडच्या मशिदीत मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कमानदार कोनाडा, पश्चिमेच्या भिंतीत असते. आणि अंबाबाई? तिचं तोंड पश्चिमेला! म्हणूनच तर मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात आणि किरणोत्सव होतो. एकाच शहरात भक्त पूर्वेकडे बघून हात जोडतो, नमाजी पश्चिमेकडे तोंड करून उभा राहतो. कंपास काढून बघाच.

चला न्यू पॅलेसला! आर्किटेक्ट कोण, माहीत आहे का? चार्ल्स मँट. हुद्द्याने मेजर, कामही मेजर! बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस आणि अजमेरचं मेयो कॉलेज ही डिझाइन्सही त्याचीच. न्यू पॅलेसचं काम १८७७ ते १८८४ चाललं, पण मँट १८८१ मध्येच गेला. हा काळ्या दगडातला मास्टरपीस त्याला पूर्ण झालेला बघताच आला नाही. हे वाचलं की दर वेळी चुटपुट लागते.

या स्टाइलचं नाव भारदस्त आहे: इंडो-सारासेनिक. म्हणजे घुमट आणि कमानी मशिदी-मकबऱ्यांच्या, खांब-नक्षी देवळांची, टॉवर विलायती. मधला घड्याळाचा मनोरा तर बघाच. आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर कोण? शिवछत्रपती! त्यांच्या आयुष्यातले प्रसंग तिथे काचेत उतरलेत.

आता प्लॉट ट्विस्ट. टाउन हॉल बघा. टोकदार, उंच, पक्का गॉथिक. हाही मँटचाच! १८७६ मध्ये पुरा झाला. म्हणजे इकडे गॉथिक संपलं आणि पुढच्याच वर्षी न्यू पॅलेसच्या घुमटांचं काम सुरू! दोन्ही इमारती एकाच दिवशी पाठोपाठ बघा, हा माझा आग्रहच. टाउन हॉलच्या आत म्युझियम आहे, तिथे कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझमध्ये उभा आहे. समुद्र नसलेल्या गावात!

घुमटांचा विषय निघालाच आहे, तर चौकोनी खोलीवर गोल घुमट बसतो कसा? विजापूरचा गोल घुमट बघा. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी गोल घुमटाचं वजन चौकोनी भिंतींकडे नेतात. आतला व्यास सुमारे ३८ मीटर, मधे एकही खांब नाही. हा घुमट बांधणाऱ्या विजापूरच्या आदिलशाहीचीच मोहोर पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर आहे. टोकदार कमानी तिथे हाताच्या अंतरावरून बघायला मिळतात. वर गेलात की साधोबा दर्गाही करा.

आणि घुमटाच्या नेमकं उलट? खिद्रापूरच्या कोपेश्वर देवळाचा स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि छताच्या मधोमध गोल मोकळं आकाश. घुमट न घालता गोलाई साधलीय!

मॉडर्न हवंय? विमानतळाच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं. काचेच्या जमान्यातही कोल्हापूरने दगडी लूक आणि कमानी सोडल्या नाहीत. आपल्याला तर फुल मार्क द्यावेसे वाटतात.

शेवटचा स्टॉप दसरा चौक. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेलं मुस्लिम बोर्डिंग इथेच आहे. इतर समाजांच्या बोर्डिंगांबरोबर मुस्लिम मुलांच्या शिक्षणाचीही सोय महाराजांनी स्वतः लक्ष घालून केली.

जाण्याआधी दोन टिपा. दर्ग्यात किंवा मशिदीत नमाजाची वेळ टाळून जा, पायताण बाहेर काढा आणि फोटोआधी विचारा. आणि न्यू पॅलेसला सकाळी लवकर पोहोचा, तिरप्या उन्हात काळ्या दगडावरचं कोरीवकाम जास्त उठून दिसतं.