साहेबांना सांगता येतं का?

नोकरीतलं समाधान फक्त पगारावर ठरत नाही. अडचण वरिष्ठांच्या कानावर निर्धास्तपणे घालता येते का, यावरही ते अवलंबून असतं. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगलं नेतृत्व असलेल्या विभागांत चुका कमी असतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात तिथेच त्या जास्त नोंदल्या गेल्या. कारण तिथल्या परिचारिका चूक मोकळेपणाने सांगत होत्या; धाक असलेल्या विभागांत ती दडपली जात होती. धाकाने चुका थांबत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात आणि माणूस मनातल्या मनात कुढत राहतो.

साहेब मोकळा वागला की शिस्त बिघडते, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. पण टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच साधा कामगारही इशाऱ्याची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, गटप्रमुख धावत येतो आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही, तर उत्पादन थांबतं. यात दर्जाबाबत ढिलाई कुठेच नाही. दुसरा आक्षेप रास्त आहे: गोड बोलण्याने तुटपुंजा पगार भरून निघत नाही. मात्र ही तक्रार राजीनाम्याआधी कळायची, तर ऐकून घेणारा साहेबच हवा. म्हणून वरिष्ठांनी केबिनचं दार उघडं ठेवून थांबू नये. वाईट बातमी आणणाऱ्याला आधी ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणावं; चौकशी त्यानंतर करावी.