तेलानें तोंड धुवावें काय?

कन्नड तालुक्यांतील पितळखोऱ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वींचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत पैठणच्या गांधिक कुळांतील मितदेवाचें नांव आहे आणि मगिल नांवाच्या राजवैद्याचेंही आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. अंगाला लावण्याच्या वस्तू विकणारा आणि अंगाला काय मानवेल हें सांगणारा, असे दोघेही एकाच डोंगरांत आपला उल्लेख ठेवून गेले. आजच्या घरांत मात्र गांधिकाचें म्हणणें फार ऐकूं येतें, वैद्याचें तितकें नाहीं. तोंड धुण्याच्या तेलाविषयीं, म्हणजे ज्यास बाजारांत ‘क्लेन्झिंग ऑइल’ म्हणतात त्याविषयीं, तर हें विशेषच खरें आहे.

एकत्र कुटुंबांत या तेलावरून तीन पक्ष पडतात. आजी म्हणते, तेलानें कांति येते. आई म्हणते, तेलानें त्वचेचीं रंध्रें बुजतात व मुरूम येतात. कॉलेजांत जाणारी नात बाटलीवरील मजकूर वाचून दाखविते. तिघींच्याही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. पूर्ण सत्य मात्र एकीच्याही पदरीं नाहीं.

प्रथम रंध्र म्हणजे काय तें पाहूं. चेहऱ्यावरील प्रत्येक सूक्ष्म केसाच्या मुळाशीं एक तैलग्रंथि असते. तिचा स्राव ज्या वाटेनें बाहेर येतो, तिचें तोंड म्हणजे रंध्र. तारुण्यांत अंतःस्रावांमुळें हें तेल अधिक सुटतें. त्याच वेळीं वाटेच्या भिंतीवरील मृत पेशी गळून न पडतां एकमेकींस चिकटतात. त्यांची गुठळी बसली कीं मुरुमाचा आरंभ झाला. तिचें काळें टोक ही धूळ नव्हे. त्वचेंतील रंगद्रव्यामुळें तें काळें दिसतें. म्हणून ‘तूं तोंड नीट धूत नाहींस,’ असा जो आरोप घरोघर मुलींवर होतो, तो बहुधा अन्यायाचा असतो. त्या आरोपाला कंटाळून मुलगी दिवसांतून पांच वेळां साबण घासते, त्वचा अधिकच चिडते आणि आरोप कायमच राहतो.

मग बाहेरचें तेल अगदींच निर्दोष आहे काय? तसेंही नाहीं. १९७० सालीं प्लेविग, फुल्टन व क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनीं केसांना नित्य पोमेड लावणाऱ्यांच्या कपाळावर व कानशिलांवर येणाऱ्या बारीक गुठळ्यांचें वर्णन केलें. आपल्याकडेही वेणीचें तेल रात्रभर कपाळावर उतरत राहिल्यास असाच प्रकार घडूं शकतो. पुढें सशाच्या कानावर निरनिराळीं द्रव्यें लावून कोणतें द्रव्य रंध्र बुजवितें याच्या याद्या झाल्या, आणि खोबरेल बदनाम झालें. परंतु सशाचा कान माणसाच्या चेहऱ्याहून फार नाजूक. शिवाय त्या परीक्षेंत द्रव्य त्वचेवर राहूं दिलेलें असतें. तोंड धुण्याचें तेल मिनिटभरांत निघून जातें. २००६ सालीं ड्रेलोस व डिनार्डो यांनीं माणसांवर परीक्षा करून दाखविलें, कीं यादींतील द्रव्य असलेली तयार वस्तु रंध्र बुजवीलच असें नाहीं.

तेव्हां दोष तेलाचा नव्हे, तर मुख्यतः राहून गेलेल्या तेलाचा आहे. आपल्या दिवाळीच्या अभ्यंगांत हीच गोष्ट सांभाळलेली आहे. अंगाला तेल चोळून कोणी तसेंच बसत नाहीं. उटणें किंवा डाळीचें पीठ लावून ऊन पाण्यानें तें काढून टाकतात. लावणें ही अर्धी क्रिया. उरलेली अर्धी काढण्यांत आहे. बाटलींतील तेलांत पिठाचें काम दुसरें एक द्रव्य करितें. त्याच्या योगानें तेल पाण्याशीं मिसळतें, दुधासारखें पांढरें होतें व वाहून जातें. स्वयंपाकघरांतील तेलांत तें द्रव्य नसतें. म्हणून तें नुसत्या पाण्यानें निघत नाहीं.

याचा उपयोग कोणास? पाण्यानें न निघणारें काजळ, रंगभूषा किंवा सनस्क्रीन लावणाऱ्यांस. तेल तेलांतच विरघळतें, हें त्याचें साधें कारण. ज्यांनीं यांपैकीं कांहींच लावलेलें नाहीं, त्यांस सौम्य फेसवॉश पुरेसा आहे. रीत अशी: सायंकाळीं हात स्वच्छ धुऊन कोरडे करावे. कोरड्या चेहऱ्यावर थोडें तेल बोटांच्या अग्रांनीं हलकेंच फिरवावें. मिनिटाहून अधिक नको, घासणें तर नकोच. मग ओल्या हातांनीं तें पांढरें होईपर्यंत चोळावें आणि कोमट पाण्यानें पूर्ण धुवावें. चिकटपणा राहिल्यास सौम्य फेसवॉश वापरावा. गुठळी तयार होण्यास आठवडे लागतात. म्हणून नवें तेल प्रथम हनुवटीच्या एका बाजूस लावून कांहीं आठवडे वाट पाहावी. ‘नैसर्गिक’ या शब्दावरही विसंबूं नये. २०१३ सालीं इंग्लंडमध्यें झालेल्या एका लहान अभ्यासांत ऑलिव्ह तेल चार आठवडे लावल्यानें त्वचेचें संरक्षक आवरण दुबळें झालें. सूर्यफुलाच्या तेलानें तसें झालें नाहीं.

आधींच लाल, दुखरे मुरूम असतील, तर तेलाचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. शेजारणीनें सांगितलेलें स्टेरॉइडचें मलम तोंडाला लावूं नये. त्यानें चेहरा चार दिवस उजळतो, पुढें त्वचा पातळ होते व मुरूम दुणावतात. मुरूम पुढें बरे होतात. परंतु उशिरामुळें राहिलेले खड्डे आणि घरच्यांच्या टोमण्यांनीं मुलीच्या मनास पडलेला पीळ सहजासहजीं जात नाहीं. बाटली कोणती घ्यावी याचा विचार घरांत पुष्कळ होतो. तितकाच विचार बोलावें कसें याचाही व्हावा.