सोफा भिंतीला, स्पीकर कुठे?

नव्या फ्लॅटचं फर्निचर सुरू असतं तेव्हा होम थिएटरचा विषय बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी निघतो. टीव्हीची भिंत ठरून गेलेली असते, सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला असतो, पीओपीचं काम संपत आलेलं असतं. मग स्पीकर बसवायला आलेला मुलगा वर बघतो, मागच्या दोन कोपऱ्यांत छताखाली ब्रॅकेट ठोकतो, स्पीकरांची तोंडं खाली वळवतो आणि पट्टीतून वायर ओढून मोकळा होतो. जागा अडत नाही, लहान मुलांचे हात पोचत नाहीत, दिसायलाही नीटनेटकं दिसतं. चित्रपट लावला की मात्र पाऊस खोलीभर पडायच्या ऐवजी त्या दोन कोपऱ्यांतून पडतो.

५.१ संचात संवाद मधल्या सेंटर स्पीकरमधून येतात. संगीत आणि बरीचशी हालचाल पुढची डावी-उजवी जोडी सांभाळते, खोल दणका सबवूफर देतो. बाकीच्या दोन, म्हणजे सराउंड स्पीकरांच्या वाट्याला उरतो तो परिसर: बाजारातला गलबला, जंगलातले किडे, स्टेडियममधली गर्दी, डोक्यामागून निघून जाणारं हेलिकॉप्टर. १९७९च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या ७० मिमी प्रतींमध्ये डावा आणि उजवा सराउंड स्वतंत्र होता, त्यामुळे आवाज प्रेक्षकांभोवती फिरवता आला. आज आपल्या घरातला संच त्याच मांडणीवर चालतो. फरक इतकाच, की थिएटरात दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या भिंतीवर स्पीकरांची रांग असते. घरी तेवढं काम फक्त दोघांना करायचं असतं, त्यामुळे त्यांची जागा चुकली की ती चूक झाकली जात नाही.

ही जागा अंशांत मोजतात. आपण बसलेल्या ठिकाणी नाकासमोर शून्य अंश धरला, तर पुढची जोडी दोन्हीकडे ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर असावेत, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. डॉल्बी ९० ते ११० म्हणते. दोन्हींत ११० अंश चालतो, म्हणून तोच धरावा. कोनमापक लागत नाही, टेप पुरे. सोफ्यावर बसून दोन्ही कानांतून जाणारी रेषा बाजूच्या भिंतीवर जिथे भेटते तिथे पेन्सिलने खूण करा. हा झाला ९० अंश. भिंत कानापासून ५ फूट असेल, तर त्या खुणेच्या मागे साधारण पावणेदोन फुटांवर ११० अंश येतो. स्पीकर एवढाच मागे. मुख्यतः तो बाजूलाच असतो.

असं का, ते आपल्या कानांच्या रचनेत आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानात आधी शिरतो आणि उजव्यात फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. बरोबर मागून आलेला आवाज मात्र दोन्ही कानांत एकदमच पोचतो, आणि बरोबर समोरून आलेलाही. तिथे भरवसा फक्त बाहेरच्या कानाच्या आकारावर आणि मान हलवण्यावर. म्हणून पाठीमागे जवळजवळ ठेवलेल्या दोन स्पीकरांतला आवाज कधी कधी चक्क समोरून आल्यासारखा वाटतो. बाजूने, किंचित मागून आलेला आवाज आपल्याला वेढतो.

आता त्या कोपऱ्यांकडे पुन्हा बघू. हॉल मोठा आहे, सोफा मागच्या भिंतीपासून ६ फूट पुढे आहे, तर ५ फूट बाजूला असलेला मागचा कोपरा १४० अंशांवर जातो. ही जागा ५.१च्या सराउंडची नव्हे. सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर तोच कोपरा जेमतेम १०० अंशांवर येतो, म्हणजे आडव्या मापात बरोबर! तिथे घात करते ती उंची. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतो. स्पीकर ८ फुटांवर लावला, तर आवाज चाळीसेक अंश वरून कोसळतो आणि गर्दी आपल्या भोवती न राहता माळ्यावर जाऊन बसते. शिवाय दोन भिंती आणि छत मिळतात तिथे खालचे स्वर फुगतात, आवाज घोगरा होतो.

कानाच्या उंचीपेक्षा साधारण २ फूट वर, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास, ही ५.१साठी उत्तम जागा. अगदी कानाजवळच का नको? कारण सोफ्यावर तिघं बसतात. टोकाला बसलेल्याच्या कानात स्पीकर थेट ओरडतो, मग त्याला बाकी काही ऐकू येत नाही. थोडा वर घेतला की तो डोक्यांवरून पलीकडच्या माणसापर्यंतही पोचतो. स्पीकरचं तोंड जवळच्या माणसाकडे नको, सोफ्याच्या मध्याकडे ठेवावं. छतावर वरून आवाज देणारे अ‍ॅटमॉसचे स्पीकर लावणार असाल, तर हिशेब बदलतो. वरचा आवाज वरून आणि बाजूचा बाजूने कळायला हवा, म्हणून सराउंड जवळजवळ कानाच्या पातळीवर उतरवायचे.

आपल्याकडच्या हॉलची खरी अडचण वेगळीच असते: एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बाल्कनीचं सरकतं दार किंवा जेवणाच्या टेबलाकडे जाणारी मोकळी वाट. मोकळ्या बाजूला स्टँडवर स्पीकर ठेवा. एक ३ फुटांवर आणि दुसरा ८ फुटांवर आला तरी हातपाय गाळू नका. आवाज एका फुटाला जवळपास ०.९ मिलिसेकंद घेतो, म्हणजे जवळचा स्पीकर साडेचार मिलिसेकंद आधी पोचतो, आणि जो आधी पोचतो त्याच्याच दिशेला मेंदू कौल देतो. एव्ही रिसीव्हरच्या मेन्यूत प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरलं, की जवळच्याला तो तेवढाच थांबवतो. मग टेस्ट टोन लावून पातळी सारखी करा. अंतर निम्मं झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने चढतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी. कोन किंवा उंची मात्र सहसा मेन्यूत दुरुस्त होत नाही, म्हणून भिंतीला भोक पाडण्याआधीच विचार करायचा.

सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर ७.१ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातली मागची जोडी १३५ ते १५० अंशांवर लागते, आणि डोक्यामागे चार फूट मोकळे नसतील तर तिला जागाच नाही. त्या पैशांत पुढचे तीन स्पीकर चांगले घ्या. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढता आला तर नक्की ओढा. डोक्याला लागून असलेली भिंत खालचे स्वर फुगवते, ते बरेच निवळतात. त्याला खर्च काहीच नाही.

सगळं बसल्यावर तपासायला २०१३चा ‘ग्रॅव्हिटी’ लावा. एरवी चित्रपटात संवाद सहसा मध्येच राहतात. यात अंतराळवीरांचे आवाज पडद्याच्या कडेने निघून खोलीभर फिरतात. फिरता फिरता आवाज एखाद्या ठिकाणी नाहीसा झाला किंवा अचानक उडी मारून पुढे गेला, तर त्या बाजूचा स्पीकर अर्धा फूट पुढे-मागे करून बघा. त्यासाठी पहिले काही दिवस ब्रॅकेट न ठोकता स्पीकर उंच स्टुलावर ठेवून ऐकावं.

‘वायरलेस घेऊ, मग वायरची कटकट नाही’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण त्या स्पीकरांनाही वीज लागतेच, म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना प्लग हवा. तेव्हा घराचं काम सुरू असेल, तर पीओपी होण्याआधी सोफ्याची जागा पक्की करा, दोन्ही भिंतींवर ९० आणि ११० अंशांच्या खुणा करा आणि तिथे पाइप टाकून वायर दोन-तीन फूट जास्तीची सोडायला इलेक्ट्रिशियनला सांगा. स्पीकर पुढच्या दिवाळीत घेतले तरी चालतील.