चोपडायचं ते मक्खन

ताक घुसळताना रवीला गोळे चिकटू लागले की थंड पाण्याचा हबका मारायचा आणि वर आलेला गोळा हाताने निथळून घ्यायचा. हे नुकतंच काढलेलं स्निग्ध म्हणजे संस्कृतातलं ‘नवनीत’. त्याची अक्षरं झिजून प्राकृतातून मराठीत ‘लोणी’ आलं.

हिंदीतल्या ‘मक्खन’चं मूळ मात्र ‘म्रक्षण’, म्हणजे चोपडणं. गंमत अशी की दूर डेन्मार्कमध्येही लोण्याला ‘स्म्योर’ म्हणतात आणि तो शब्दही चरबी, चोपडणं याच कुळातला. दक्षिणेत वेगळाच थाट! तमिळ ‘वेण्णेय’ म्हणजे पांढरं तूप. दावणगेरे डोशातलं ‘बेण्णे’ त्याचंच कानडी भावंड.

इंग्रजी ‘बटर’ लॅटिनमार्गे ग्रीक ‘बूट्यरॉन’पर्यंत पोचतं. ‘बूस’ म्हणजे गाय, ‘ट्यरॉस’ म्हणजे चीज. खुद्द ग्रीक मात्र ऑलिव्हच्या तेलावर पोसलेले. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या अनाक्झँड्रिडीस या विनोदी नाटककाराने शेजारच्या थ्रेसवासीयांची ‘लोणीखाऊ’ म्हणून टर उडवली होती. ‘बूट्यरॉन’चंच पुढे फ्रेंचमध्ये ‘बर’ आणि इटालियनमध्ये ‘बुर्रो’ झालं. इटलीहून स्पेनला जाणाऱ्याने जरा जपावं: तिथे ‘बुर्रो’ म्हणजे गाढव, लोणी हवं असेल तर ‘मान्तेकिया’ मागावं लागतं.